हॉकीचा कॅप्टन आणि विचारून केलेलं प्रेम

हॅना ग्रेस ही इंग्लंडमध्ये राहणारी लेखिका. २०२२ साली तिने ‘आइसब्रेकर’ नावाची कादंबरी स्वतःच प्रकाशित केली. कथा घडते कॅलिफोर्नियातल्या मेपल हिल्स या काल्पनिक विद्यापीठात. अनास्तेशिया अ‍ॅलन ही फिगर स्केटर, ऑलिम्पिक गाठायचंच म्हणून दिवसाचा प्रत्येक तास वहीत आखून घेणारी. नेट हॉकिन्स हा आइस हॉकी संघाचा कॅप्टन. कुणाच्या तरी खोडसाळपणात हॉकीवाल्यांच्या रिंकची नासधूस होते आणि बर्फाचं एकच मैदान दोघांना वाटून घ्यावं लागतं. आधी कडाक्याचं भांडण, मग प्रेम. वर्षभरात सायमन अँड शुस्टर या बड्या प्रकाशनसंस्थेने ही कादंबरी उचलली, न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत ती गेली, आणि टिकटॉकवर पुस्तकांविषयी बोलणाऱ्या मुलींनी तिला डोक्यावर घेतलं. टिकटॉकच्या त्या कोपऱ्याला ‘बुकटॉक’ म्हणतात.

भारतात टिकटॉकवर २०२० पासून बंदी आहे, तरी ही लाट इन्स्टाग्रामच्या रील्समधून इकडेही आलीच. ज्या मुलींनी बर्फावरची हॉकी कधी पाहिलेली नाही, त्या इंग्रजी वाचणाऱ्या मुलीही या कादंबऱ्यांतले नायक नावानिशी ओळखतात. घरातल्या मोठ्यांना प्रश्न पडतो, की यात एवढं आहे तरी काय?

प्रश्न रास्त आहे. खेळ म्हणावा तर सामन्यांची वर्णनं थोडक्यात आटपलेली असतात. रहस्य म्हणावं तर शेवट पहिल्या पानापासून ठाऊक असतो, कारण दोघांचं जमणार हे या वाङ्मयप्रकारात ठरलेलंच आहे. तरीही अमेरिकेत छापील प्रेमकादंबऱ्यांचा वार्षिक खप २०२० मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख प्रती होता, तो २०२३ मध्ये ३ कोटी ९० लाखांच्या वर गेला. त्यात खेळाडूंच्या प्रेमकथांची स्वतंत्र शेल्फं लागली, आणि त्यातही कॉलेजातल्या खेळाडूंची.

खेळाडू नायक तसा नवा नाही. सुझन एलिझाबेथ फिलिप्स यांची ‘शिकागो स्टार्स’ ही मालिका १९९४ मध्ये सुरू झाली, ती अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघाभोवती फिरते. रेचल गिब्सन यांनी १९९८ मध्ये हॉकीपटू नायक आणला. हे सगळे नायक प्रसिद्ध, कमावते पुरुष होते. २००९ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशकांनी अठरा ते पंचविशीच्या वाचकांसाठी ‘न्यू अडल्ट’ असं नवं नाव रूढ करायचा प्रयत्न केला, आणि शाळा संपलेल्या पण संसार न थाटलेल्या वयाला पुस्तकांच्या दुकानात जागा मिळाली. त्या जागेत कॉलेजचा खेळाडू चपखल बसला.

तो का बसला, हे कळायला अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाचं प्रस्थ आधी समजून घ्यायला हवं. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांहून जास्त माणसं बसतात, आणि ते स्टेडियम विद्यार्थ्यांच्या फुटबॉल सामन्यांसाठी आहे. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. एनसीएए या संस्थेच्या छत्राखाली पाच लाखांहून जास्त विद्यार्थी खेळतात. महाराष्ट्रात विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव होतो, पण त्याच्यासाठी गाव लोटत नाही. कॉलेजच्या नावासाठी घसा फुटेपर्यंत ओरडणं म्हणजे काय, हे मराठी माणसाने अनुभवलं असेल तर ते पुण्यात भरत नाट्य मंदिरात, पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी. १९६३ पासून चालत आलेल्या त्या एकांकिका स्पर्धेतलं ‘आव्वाज कुणाचा’ आठवावं आणि ते लाखभर माणसांच्या स्टेडियममध्ये, दर शनिवारी, दूरचित्रवाणीवर थेट चाललंय अशी कल्पना करावी. अशा ठिकाणी संघाचा कॅप्टन म्हणजे आख्ख्या गावाचा माणूस असतो.

कादंबरीकाराला लागणारी यंत्रणा या व्यवस्थेत आयती तयार आहे. खेळायला मिळतं साधारण चार वर्षं, म्हणजे घड्याळ पहिल्या पानापासून चालू. गुण एका मर्यादेखाली घसरले की खेळाडू अपात्र ठरतो, म्हणजे कप्तानाला अभ्यासात कुणाची तरी मदत लागणारच. शिष्यवृत्ती गेली तर शिक्षण जातं, म्हणजे संकट उसनं आणावं लागत नाही. संघातली मुलं एकाच घरात भाड्याने राहतात, एकाच टेबलावर जेवतात, एकमेकांची उणीदुणी काढतात. नायक-नायिकेचं जमेपर्यंत वाचकाचा त्या सगळ्या घरावर जीव जडलेला असतो आणि पुढच्या पुस्तकाचा नायक त्याच टेबलावर बसलेला असतो. एकेका लेखिकेच्या चार-चार, पाच-पाच पुस्तकांच्या मालिका निघतात त्या अशा.

पण यंत्रणेने पुस्तक चालतं, त्यावर जीव जडत नाही. तो का जडतो याचं उत्तर १९७२ या सालात सापडतं.

त्या वर्षी अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ ही ऐतिहासिक प्रेमकादंबरी बाजारात आली आणि आधुनिक प्रेमकादंबरीचा जमाना सुरू झाला. त्या कादंबरीत नायक सुरुवातीलाच नायिकेवर बलात्कार करतो, आणि पुढे तिचं त्याच्यावर प्रेम बसतं. लाखो बायकांनी ती वाचली. जूनमध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही, असं त्याने सांगितलं. त्या कायद्यामुळे मुलींच्या खेळांचे संघ कॉलेजात उभे राहिले. प्रेमकादंबरीतला बळजोरी करणारा नायक आणि मैदानावर हक्काने उतरलेली मुलगी यांचं साल एकच. कॉलेजच्या खेळाडूंची प्रेमकथा या दोन धाग्यांतून विणलेली आहे, आणि तिचं आकर्षण नेमकं तिथेच आहे असं प्रस्तुत लेखकाला वाटतं.

मधली कडी जॅनिस रॅडवे यांनी पुरवली. १९८४ मधल्या ‘रीडिंग द रोमान्स’ या अभ्यासात त्यांनी अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका गावात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांना गाठून त्या काय वाचतात, का वाचतात हे विचारलं. दोन गोष्टी पुढे आल्या. घरच्यांच्या उस्तवारीत दिवस जाणाऱ्या या बायकांना पुस्तक हातात घेण्याचा वेळ हाच मुळात स्वतःचा वाटत होता. आणि त्यांना क्रूर नायक नको होते. बाहेरून कणखर, पण मनाने हळवा आणि नायिकेची काळजी घेणारा पुरुष त्यांना हवा होता. आयुष्यभर दुसऱ्याची काळजी घेतलेल्या बाईला कुणीतरी तिची घ्यावीशी वाटली, यात नवल नाही.

ताकद असलेला, पण जवळ जायला भीती न वाटणारा पुरुष. हे स्वप्न पुढच्या तीस वर्षांत कुठे पोचलं, ते एल केनेडी या कॅनेडियन लेखिकेच्या ‘द डील’मध्ये दिसतं. २०१५ साली तिनेही हे पुस्तक स्वतःच काढलं होतं. मॅसॅच्युसेट्समधलं ब्रायर हे काल्पनिक विद्यापीठ. हॅना वेल्स संगीत शिकते. नीतिशास्त्राच्या सहामाही परीक्षेत वर्गातली बहुतेक मुलं आपटलेली असताना हिला उत्तम गुण मिळतात. गॅरेट ग्रॅहम, हॉकीचा कॅप्टन, आपटलेल्यांत. गुण वाढले नाहीत तर त्याला खेळता येणार नाही, म्हणून शिकवशील का असं विचारत तो तिच्या मागे लागतो. तिला दुसराच एक मुलगा आवडत असतो. त्या मुलाचं लक्ष जावं म्हणून गॅरेटने तिचा प्रियकर असल्याचं नाटक करायचं आणि तिने त्याला नीतिशास्त्र शिकवायचं, असा सौदा ठरतो.

इथवर सगळं हलकंफुलकं. पण पंधराव्या वर्षी हॅनावर बलात्कार झालेला आहे, आणि गॅरेटचा बाप एकेकाळचा नामांकित हॉकीपटू, घरात मारहाण करणारा. म्हणजे दोघांनाही ताकदीची दहशत ठाऊक आहे. गॅरेटच्या अंगात बापाचंच रक्त आणि बापाचाच खेळ. या मुलीने या मुलाच्या जवळ जायचं कसं, हा कादंबरीचा खरा प्रश्न आहे. केनेडीने दिलेलं उत्तर १९७२च्या नायकाच्या बरोबर उलटं आहे. हॅना स्वतः पुढाकार घेते, वेग ती ठरवते, आणि तिला जेवढं झेपतं तेवढंच होतं. संमती विचारणं आणि ऐकणं हीच इथली प्रणयदृश्यं आहेत.

काळही पाहण्यासारखा आहे. २०११ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण विभागाने टायटल नाइनच्या आधाराने सगळ्या कॉलेजांना पत्र लिहून लैंगिक हिंसेच्या तक्रारींची दखल घेण्याची जबाबदारी त्यांची आहे असं बजावलं. सप्टेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, की गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, स्पष्ट होकार हवा, आणि कॉलेजांनी आपल्या नियमांत तसं लिहायला हवं. पुढच्याच वर्षी ‘द डील’ आलं. वसतिगृहांत, वर्गांत, वर्तमानपत्रांत ज्या विषयावर मुली बोलत होत्या, तोच विषय या पुस्तकात एका देखण्या कप्तानाच्या तोंडून नीट, प्रेमाने बोलला गेला. कायद्याने जे नियमाच्या भाषेत सांगितलं, ते कादंबरीने हवंहवंसं करून दाखवलं. या पुस्तकांना केवळ चटोर ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

यात हॉकीच का पुढे, हेही यातूनच उमगतं. ही आपली गवतावरची हॉकी नव्हे. बर्फावर ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी मुलं एकमेकांवर अंग टाकतात आणि ते नियमात बसतं. नियम मोडला तर खेळाडूला काही मिनिटं काचेच्या कोठडीसारख्या बाकावर जाऊन बसावं लागतं. व्यावसायिक हॉकीत मारामारीची शिक्षा पाच मिनिटांची असते, कॉलेज हॉकीत मात्र मारामारी केली की सामन्यातून बाहेर आणि पुढच्या सामन्यालाही बंदी. म्हणजे कॉलेजच्या नायकाला धडक द्यायची मुभा आहे, हात उगारायची नाही. अंगात जोर असूनही तो आवरायला रोज शिकणारा हा मुलगा आहे. बर्फ, कवच, वेग, आणि कवच उतरल्यावर दमलेला, घामेजलेला, बोलायला लाजणारा माणूस, हे सगळं चित्र प्रेमकादंबरीला अनुकूल आहेच. पण मुळाशी आवरलेली ताकद आहे.

‘आइसब्रेकर’मध्ये तीच गोष्ट वेगळ्या रूपात येते. अनास्तेशियाचा स्केटिंगमधला जोडीदार तिचं जेवण ठरवतो, आणि ती पुरेसं खात नाही हे तिला कळतही नाही. नेटला ते दिसतं. तो तिच्यापुढे जेवण ठेवतो, तिच्या शरीराला किती अन्न लागतं ते समजावतो. नायकाने नायिकेला पोटभर जेवू घालण्याचे प्रसंग या कादंबरीत चुंबनांइतकेच जिव्हाळ्याने लिहिलेले आहेत. वजनावर डोळा ठेवणाऱ्या खेळांत वाढलेल्या मुलींना ते का भिडतं हे समजायला रॅडवेबाईंच्या वाचक बायका आठवल्या की पुरे.

एक मात्र मोकळेपणाने सांगायला हवं. ही पुस्तकं प्रौढांसाठी आहेत. मुखपृष्ठावर गुलाबी-निळ्या रंगातलं गोड व्यंगचित्र असतं आणि आत शरीरसंबंधांची सविस्तर, उघड वर्णनं. ‘आइसब्रेकर’चं मुखपृष्ठ पाहून ते शाळकरी मुलीला भेट देणाऱ्या आईवडिलांची फसगत होते. प्रकाशकांनी ही गोष्ट ठळकपणे छापायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. अमेरिकन कॉलेजचा खेळ म्हटलं की फुटबॉल आणि बास्केटबॉल आधी येतात आणि त्यांत कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या संख्येने आहेत. प्रेमकादंबरीने मात्र हॉकी निवडली, जी बहुतांशी गोऱ्यांची आहे. हे केवळ आवरलेल्या ताकदीमुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. कोणत्या रंगाच्या पुरुषाची ताकद सुरक्षित वाटावी याविषयी त्या समाजाच्या मनात जे आहे, तेही या निवडीत उतरलं आहे. काही लेखिका ठरलेल्या नायकाचा हा साचा बदलू पाहतात. एनगोझी उकाझू या नायजेरियन वंशाच्या अमेरिकन चित्रकर्तीने २०१३ पासून ‘चेक, प्लीज!’ ही वेबवरची चित्रकथा चालवली. तिच्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडून आलेला, बेकिंगची आवड असलेला, आधी फिगर स्केटिंग केलेला एक मुलगा कॉलेजच्या हॉकी संघात येतो आणि कप्तानाच्या प्रेमात पडतो. अंगावर धडक येईल याची त्याला भीती वाटते, आणि ती भीती संघ मिळून घालवतो. पुरुषांच्या आपसातल्या प्रेमाच्या या शाखेचा विस्तार पुढे एवढा झाला, की रेचल रीड यांच्या व्यावसायिक हॉकीवरच्या ‘हीटेड रायव्हलरी’वरून केलेली मालिका २०२५च्या अखेरीस कॅनडा-अमेरिकेत गाजली.

तिसरा आक्षेप वास्तवाचा. खऱ्या खेळात मुली इतक्या सुरक्षित नाहीत. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या क्रीडावैद्याने उपचारांच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींचं शोषण केलं. २०१८ मध्ये विद्यापीठाने तीनशेहून अधिक पीडितांसाठी ५० कोटी डॉलरची भरपाई मान्य केली. कॅनडात २०२२ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या आरोपाचं प्रकरण हॉकी संघटनेने परस्पर पैसे देऊन मिटवल्याचं बाहेर आलं आणि त्या ऑक्टोबरात संघटनेचं आख्खं मंडळ पायउतार झालं. त्या घटनेतल्या पाच माजी खेळाडूंची २०२५ मध्ये न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली, पण संघटना कशी वागली हा प्रश्न उरलाच. अशा बातम्या वाचून रात्री ‘द डील’ उघडणारी मुलगी वास्तवापासून पळते आहे, असं म्हणता येईल. मराठीत हा वाद जुना आहे. ना. सी. फडक्यांच्या कॉलेजातल्या प्रेमकथांवरही स्वप्नरंजनाचा ठपका होताच. पण या अमेरिकन पुस्तकांत अत्याचार लपवलेला नाही. तो हॅनाच्या भूतकाळात आहे, गॅरेटच्या घरात आहे. त्यानंतरही कुणाजवळ जावंसं वाटू शकतं, एवढाच त्यांचा दावा आहे, आणि ज्यांच्यावर प्रसंग गुदरलाय त्यांच्यासाठी तो लहान नाही.

संमतीचा हा धडा वाचकांवरही उलटून आला. सिअ‍ॅटल क्रॅकन या व्यावसायिक हॉकी संघाने बुकटॉकची गर्दी पाहून तिला खूश करणारे व्हिडिओ काढले होते. संघातल्या एका खेळाडूवर, तो जणू कादंबरीचाच नायक असावा तसा, लैंगिक शेऱ्यांचा भडिमार सुरू झाला. २०२३च्या उन्हाळ्यात त्याच्या पत्नीने जाहीरपणे हरकत घेतली, मग त्यानेही. कागदावरच्या कप्तानाला कितीही न्याहाळलं तरी कुणाला दुखत नाही, जिवंत माणसाला दुखतं. ज्या पुस्तकांत नायक पावलोपावली विचारतो, त्यांच्या वाचकांनीही आधी विचारायला हवं होतं, आणि त्या वेळी बुकटॉकवरच्या अनेकींनी तसं बोलूनही दाखवलं.

१९७२चा दुसरा धागा, मैदानावर आलेल्या मुलीचा, या कादंबऱ्यांत थोडा उशिरा बळकट झाला. सेरीना बोवेन यांच्या २०१४ मधल्या ‘द इयर वी फेल डाउन’ची नायिका कोरी हॉकी खेळायची, पण मणक्याच्या दुखापतीनंतर चाकाच्या खुर्चीत कॉलेजला येते. व्हीलचेअर नेता येईल अशी खोली तिला मिळते आणि समोरच्याच खोलीत पाय मोडलेला एक हॉकीपटू. त्याचा पाय वर्षभरात बरा होणार आणि तिचे नाहीत, हा फरक लेखिका गोड करून दाखवत नाही. अ‍ॅली हेझलवूड यांच्या २०२५ मधल्या ‘डीप एंड’मध्ये स्टॅनफर्डची डायव्हर आहे. दुखापत बरी झाली तरी एका प्रकारची उडी तिच्या मनाला जमेनाशी झाली आहे. पोहण्याच्या संघातला नायक तिच्यापेक्षा जास्त पदकांचा धनी, पण ती उडी तिची तिलाच मारायची आहे.

आणि केनेडीने २०२३ मध्ये ‘द ग्रॅहम इफेक्ट’ लिहिलं. हॅना आणि गॅरेट यांची मुलगी जिजी आता ब्रायरच्या मुलींच्या संघातून हॉकी खेळते. तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात जायचंय, आणि गोलजाळीमागचा तिचा खेळ कच्चा आहे असं तिला सांगितलं गेलंय. म्हणून मुलांच्या संघातल्या ल्यूक रायडरशी ती सौदा करते. त्याने तिच्याकडून तो खेळ घोटून घ्यायचा, तिने बापाच्या हॉकी शिबिरात त्याच्यासाठी शब्द टाकायचा. आईने नीतिशास्त्र शिकवलं होतं, मुलगी हॉकीच्या बदल्यात हॉकी मागते. पुस्तक निघालं त्याच्या पुढच्या वर्षी, १ जानेवारी २०२४ला, उत्तर अमेरिकेत बायकांच्या व्यावसायिक हॉकीची नवी लीग, पीडब्ल्यूएचएल, टोरांटोत पहिला सामना खेळली. न्यूयॉर्कच्या संघाने तो ४-० असा जिंकला. कॉलेज संपल्यावर जिजीसारख्या मुलींना पगार घेऊन खेळायला आता ठिकाण आहे, आणि पुढच्या कादंबऱ्यांतल्या नायिकांना निवड होण्याची वाट पाहायला स्वतःचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम.